सतरा नंबरचा तांबेरा

"काका, साक्षीदार बघितलात का आज?"

मॅडमच्या एका हातात कुंडी होती आणि डोळ्याला भिंग. काकांनी मान हलवली. सकाळी साडेसातलाच त्यांनी तो बघितला होता, आणि बघून कुंडी होती तिथेच ठेवून दिली होती. जणू दुपारपर्यंत ती आपली आपण बरी होणार होती.

"तीन पुटकुळ्या आहेत," मॅडम म्हणाल्या.

"चार. खालच्या पानाच्या मागे एक आहे."

मॅडमनी पान उलटलं. चौथी पुटकुळी टाचणीच्या डोक्याएवढी होती. तिच्यातून विटकरी भुकटी सांडत होती. भिंग खाली ठेवून त्या स्टुलावर बसल्या. तरुण होत्या, या गहू संशोधन केंद्रावर येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. पण या चार ठिपक्यांचा अर्थ त्यांना आणि काकांना सारखाच कळत होता.

गव्हाचा तांबेरा जिवंत पानावरच जगतो. मेलेल्या पानावर तो मरतो, आणि बाटलीत भरून ठेवावा तर काही महिन्यांत निकामी होतो. म्हणून या काचघरात बावीस जातींचा तांबेरा रोपांवर पोसलेला होता. दर पंधरवड्याला कोवळी रोपं घ्यायची, जुन्या पानावरची भुकटी ब्रशने त्यांवर झटकायची, वर पाण्याचा बारीक फवारा मारायचा, एक दिवस ओल्या पेटीत झाकून ठेवायची आणि जुनी रोपं उकळून टाकायची. नवं वाण तयार झालं की ते आधी या बावीस जणांसमोर उभं राही. त्यांच्यातून तरलं तरच शेतकऱ्याच्या हाती जाई. लोक रोग मारायला पगार घेतात. काका एकतीस वर्षं रोग जगवायचा पगार घेत होते.

त्यातला सतरा नंबर सगळ्यांत जुना. तो पूर्वी हे काचघर चालवणाऱ्या मोठ्या सरांनी आणलेला. आता सर नव्हते, ज्या डोंगरउतारावरून त्यांनी तो आणला तो उतारही नव्हता, तिथे दगडाची खाण झाली होती. शीतपेटीत ठेवलेला राखीव साठा गेल्या वर्षी वीज गेली तेव्हा वाया गेला होता. सतरा नंबर जगात कुठे असेल तर या सहा कुंड्यांत. प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर एका सातव्या कुंडीवरही भुकटी झटकायची. तिच्यातल्या वाणावर सतरा नंबर उगवूच शकत नाही. ती कोरी राहिली म्हणजे सतरा नंबर शुद्ध आहे; तिच्यावर ठिपका उठला म्हणजे आत कुणीतरी परका शिरला. तो साक्षीदार.

"शेतातला तांबेरा आत आलाय," मॅडम म्हणाल्या. "सहाही कुंड्या मिसळल्या असणार. जुनी रोपं?"

"उकळली. नेहमीसारखी."

"जाळी फाटली असेल कुठेतरी. पंख्याच्या मागची." त्या उठून पंख्याकडे गेल्या, मान वर करून बघत राहिल्या. "दिसत तर नाही. पण जाळीच असेल तर बाकीच्या एकवीस जातींचाही भरवसा नाही. काचघर मोकळं करावं लागेल, काका. सगळं उकळून पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत ठरवते मी."

काकांनी हातातला ब्रश धुऊन जागेवर ठेवला. मग म्हणाले, "जेवून येतो."

जाळी फाटलेली नव्हती. परका कोणाच्या कपड्यांवर बसून आत आला, हे काकांना सकाळी साडेसातपासून ठाऊक होतं.

काचघरात न्हाणीघर नव्हतं. केंद्राची क्वार्टर शंभर पावलांवर, मध्ये दोन्ही बाजूंना चाचणीचा गहू. म्हणून मोठ्या सरांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. सकाळी डोक्यावरून अंघोळ, धुतलेले कपडे, मग सिमेंटच्या वाटेने सरळ काचघर. वाटेत गव्हाला हात नाही, आणि गव्हातून आलेल्या माणसालाही नाही. क्वार्टरमधल्या पोरांचे कपडे हंगामात तांबेऱ्याने रंगलेले असत. अंघोळीनंतर कुणी चुकून शिवलंच तर पुन्हा अंघोळ.

घरात लहान मुलगी असताना हा नियम पाळणं म्हणजे रोजचा तमाशा होता. बाबा न्हाणीघरातून निघाले की ती दोन्ही हात पसरून वाट अडवायची आणि बाबा पायऱ्यांवरून उडी मारून पळायचे. तिची ती शिवाशिवी होती. कधी कधी ती जिंकायची, मग बाबा दुसऱ्यांदा अंघोळ करायचे आणि तिची आई ओरडायची, "पाणी काय तुमच्या सतरा नंबरच्या बापाचं आहे का?" पुढे मुलीला समज आली. शाळेला निघताना ती दोन हात लांबून "जाते बाबा" म्हणू लागली. कॉलेजला परगावी गेली तेव्हाही सकाळची गाडी होती. दोन हात लांबूनच गेली.

बारा दिवसांपूर्वी ती माहेरी आली होती. पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. संध्याकाळी आली तेव्हा अगदी शांत होती, आईला भाजी निवडून दिली, शेजारणीशी दोन शब्द बोलली. दुसऱ्या सकाळी कुणी उठायच्या आत ती बांधावर फिरायला गेली. काका अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पायरीवर चपला अडकवत होते. ती परत येऊन समोर उभी राहिली. दवाने तिचा कुडता गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि त्यावर विटकरी पट्टे उमटले होते. ते पट्टे काकांना दिसले, आपण डोळे उघडे ठेवून काय करतोय हेही कळत होतं. तिचा चेहरा वाकडा झाला, आणि काकांनी दोन पावलं पुढे टाकून तिला जवळ घेतलं.

बराच वेळ ती रडली. मग नाक पुसत आत गेली.

काका पायरीवर उभे राहिले. आता पुन्हा अंघोळ करायला हवी होती. पण न्हाणीघर तिच्या खोलीला लागूनच होतं, मधली भिंत पातळ. बादलीत पाणी पडल्याचा आवाज तिला ऐकू गेला असता. जिला आत्ताच पोटाशी धरलं, ती अंगावरून धुऊन टाकल्याचा आवाज. काकांनी सदरा झटकला, तोंडावर, हातांवर बागेतल्या नळाचं पाणी घेतलं आणि ते तसेच कामावर गेले. त्या दिवशी पाळी सतरा नंबरची होती.

जेवताना बायकोने दोनदा विचारलं, "भाजी अळणी झालीय का?" तिसऱ्यांदा म्हणाली, "सवतीचं काही बिनसलंय वाटतं." सतरा नंबरला ती लग्नापासून सवत म्हणत आली होती.

"आजारी आहे," काका म्हणाले.

"रोगच आजारी पडला? आता हेच ऐकायचं राहिलं होतं."

मुलगी हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा. काकांना त्या हसण्याने बरं वाटलं, तरी जेवण अर्धंच राहिलं. ते ताट ठेवून बाहेर पायरीवर येऊन बसले.

पायरीच्या कडेला गवताचा एक थोंब होता. निळसर पात्यांचा, गुडघाभर उंचीचा. मोठ्या सरांना सतरा नंबर सापडला तो गव्हावर नाही, याच रानगवतावर, त्या डोंगरउतारावर. पुढे काही वर्षांनी त्या गवताची चार रोपंही त्यांनी आणली होती, त्यातलं एक जास्तीचं निरोगी रोप फेकायला काढलं तेव्हा सात वर्षांच्या मुलीने भोकाड पसरलं होतं. सर म्हणाले होते, "घे, लाव. पण मेलं तर मी रागावेन." केंद्रावरची तीन पुढे कुणाच्या तरी बदलीत, कुणाच्या तरी उन्हाळ्यात मेली. हे एक जगलं. मुलगी त्याच्या पात्यांच्या वेण्या घालायची. ती गेल्यावर काका रोज तांब्याभर पाणी घालत आले.

काका बघत राहिले. समोर गहू, मागे गहू, बावीस-तेवीस हंगाम असेच गेलेले. त्यातले निम्मे तांबेऱ्याने लालेलाल. पण या गवतावर शेतातल्या तांबेऱ्याचा एक ठिपका कधी उठलेला त्यांनी पाहिला नव्हता, आणि पाहायची त्यांना सवय होती. यावर उगवायचा तो फक्त एकच.

ते उठले ते थेट काचघराकडे चालू लागले. दाराशी आल्यावर आठवलं, परतले, डोक्यावरून अंघोळ केली आणि मग गेले.

"मॅडम, काचघर मोकळं करू नका. जाळीचा दोष नाही. माझा आहे."

त्यांनी सांगितलं. सरळ, क्रमाने, तारखेसकट. बाकीच्या जातींच्या पाळ्या वेगळ्या दिवशी असतात, त्या प्रत्येक दिवशी अंघोळ झालेली आहे, त्यांचे साक्षीदार कोरे आहेत, हेही सांगितलं. मॅडम ऐकत होत्या.

"एकतीस वर्षांत कधी चुकला नाहीत, तर त्याच दिवशी अंघोळ का नाही केली?"

"मुलगी रडत होती."

मॅडम नोंदवहीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती काकांपुढे सरकवली. "कारण लिहावं लागेल."

काकांनी सावकाश लिहिलं, 'परिचराने अंघोळ न करता आत प्रवेश केला, कारण'. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"कारणाच्या आधी पूर्णविराम द्या," मॅडम म्हणाल्या. "तेवढं पुरे."

काकांनी 'कारण' खोडलं. मग गवताचं सांगितलं. मिसळलेली भुकटी गवतावर टाकायची. शेतातला तांबेरा तिथे उपाशी मरेल. वर येईल तो सतराच. त्यातली एकच पुटकुळी उचलून पुन्हा गव्हावर न्यायची.

मॅडम स्टुलावरून उठल्याच. "ते गवत आहे? अहो काका, खाण झाल्यापासून ते कुणाला दिसलेलं नाही! मी दोन पावसाळे त्याच्यासाठी डोंगर पालथे घातले. कुठे आहे?"

"आमच्या पायरीशी."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत," काका ओशाळून म्हणाले. "आम्हाला वाटलं, घरचंच आहे."

संध्याकाळी ते खुरपं घेऊन थोंबापाशी बसले. मुलगी दारात आली.

"बाबा, माझं गवत का खणताय?"

"अर्धंच. उसनं हवंय. तुझ्या आईच्या सवतीसाठी."

ती शेजारी बसली. एक पातं ओढून तिने त्याची गाठ मारली, सोडली. "साक्षीदारावर ठिपका उठला ना?" या घरात वाढलेल्या मुलीला हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. "मी आले त्याच्या दुसऱ्या दिवसाचा?"

काका खुरप्याने माती सैल करत राहिले.

"त्या दिवशी मी आत गेले ना, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून बसले होते," ती म्हणाली. "पाण्याचा आवाज यायची वाट बघत. म्हटलं, आता येईल. मग तुमच्या चपला वाजल्या वाटेवर." तिने मातीचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. "मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबा, जा, करा अंघोळ. पण नाही सांगितलं. मुद्दामच."

"बरं केलंस," काका म्हणाले. "मुळं धर. तुटता कामा नयेत."

तिने दोन्ही हातांनी मुळं धरली.

गवत धुतलं, वेगळ्या पेटीत ठेवलं, त्यावर भुकटी झटकली. मग वाट बघणं. अकराव्या दिवसापर्यंत काही नव्हतं. मॅडम दिवसातून चारदा येऊन बघून जायच्या. बाराव्या दिवशी सकाळी एका पात्याच्या टोकाला पिवळट डाग दिसला, तेराव्याला तो फुटला. दोनच पुटकुळ्या. काकांनी त्यातल्या एकीची भुकटी नव्या रोपांवर नेली आणि एका नव्या साक्षीदारावरही. आणखी बारा दिवस. साक्षीदार कोरा राहिला. मॅडमनी त्याची पानं उलटून, वाकवून, उन्हात धरून बघितली. मग भिंग काकांकडे दिलं आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गवताच्या उरलेल्या मुळांसाठी त्यांनी जाळीची एक खास खोली रिकामी केली होती आणि दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली होती.

मुलीने जायचं ठरवलं तेव्हा गाडी सकाळी आठचीच होती. सकाळी तिला दुसरी गाडीच नव्हती.

ती बॅग घेऊन दारात आली. काका पायरीवर बसले होते. सवयीने ती दोन हात लांब थांबली, बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"जाते बाबा."

काका उठले. अंगात कालचाच सदरा होता, केस विस्कटलेले, दाढीचे पांढरे खुंट वर आलेले.

"आज अर्धी रजा टाकलीय," ते म्हणाले. "अंघोळ केलेली नाही मी."

"सांगताय काय कौतुकाने," आतून बायको म्हणाली.

मुलीने बॅग खाली ठेवली.

गाडी गेली. तिची आई निरोप देऊन परत आली, चहाची भांडी आवरली, केर काढला. काका पायरीवरच होते. थोंबाच्या उरलेल्या अर्ध्या भागातून नवी पाती वर आली होती, खणलेल्या बाजूची माती अजून उघडी होती. त्यांनी तांब्यातलं पाणी तिथे ओतलं आणि पुन्हा बसले. साडेनऊ झाले, दहा वाजले. त्या दिवशी न्हाणीघरातून बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायला फार उशीर झाला, आणि घरात कुणी त्यांना हाक मारली नाही.