खाऱ्या पाण्याची सुई

"सुई घेतलीस का?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"घेतली," प्रश्नताई म्हणाली. ते धादांत खोटं होतं.

खरं तर तिला कसलाच आजार नव्हता. पीएच.डी. करून ती मधुमेही मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या विभागात पुढचं संशोधन शिकायला आली होती. सतत प्रश्न विचारते म्हणून मुलांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. विभागाच्या मोठ्या बाईंचा नियम असा, की नव्या माणसाने एकदा आठवडाभर पेशंटसारखं जगायचं. प्रत्येक जेवणाआधी बोट टोचून साखर बघायची, मग पोटाला सुई. सुईत औषध नाही, नुसतं खारं पाणी. आणि घरातल्या एकाने आठवण करायची.

सासूबाई हात धुऊन मागे लागल्या. एरवी "ताप आला तर काडीचा उपयोग नाही, असली आमची डॉक्टर" म्हणून सुनेची थट्टा करणाऱ्या बाई, आता ती दारात चपला काढते न काढते तोच विचारायच्या. चौथ्या दिवशी प्रश्नताईचं डोकं फिरलं आणि ती सुई न घेताच जेवली.

दुसऱ्या दिवशी विभागात सातवीतली एक मुलगी बापाबरोबर आली. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. मुलगी कित्येक भेटींत "माहीत नाही" यापलीकडे गेली नव्हती. आता शाळेची मुक्कामाची सहल निघत होती. सगळा वर्ग जाणार होता, आणि बाप हिला सोडायला तयार नव्हता.

"सुई घेतली म्हणते आणि घेत नाही," तो म्हणाला. "लबाड पोरीला लांब कशी पाठवू?"

मुलीने मान खाली घातली. भेटीत स्वतःविषयी अवाक्षर काढायचं नाही, हा मोठ्या बाईंचा दुसरा नियम. त्या प्रत्येक भेटीची चित्रफीत बघायच्या, आणि समोर कॅमेरा चालू होता.

"मीपण काल तेच केलं," प्रश्नताई बोलून गेली. मग खाऱ्या पाण्यापासून सासूबाईंपर्यंत सगळंच सांगावं लागलं.

मुलीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "सापडलात?"

"अजून नाही."

मुलगी खुदकन हसली. हसणं ओसरल्यावर बापाकडे न बघता म्हणाली, "मी शाळेतून आले की बाबा आधी शुगर विचारतात. मी आलेय, हे नंतर कळतं त्यांना."

बापाने खुर्ची तिच्याकडे वळवली. म्हणाला, "भीती वाटते गं."

"मलापण वाटते," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी ठरलं, की मुलगी सहलीला जाईल, तिथे सुईकडे वर्गशिक्षिका लक्ष ठेवतील, नर्स त्यांना सगळं शिकवेल, आणि बापाने आधी लेकीची चौकशी करायची. शुगर नंतर. त्याची तालीमही झाली. प्रश्नताई लेक झाली, पाठीला दप्तर लावून दारातून आत आली.

"आलीस? शाळा कशी होती, शुगर किती?" बाप एका दमात म्हणाला. मुलगी पोट धरून हसली. पुन्हा तालीम, पुन्हा तेच. शेवटी त्यालाही हसू आवरेना.

मोठ्या बाईंनी चित्रफीत पाहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग नियम मोडल्याबद्दल प्रश्नताईची व्यवस्थित खरडपट्टी काढली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती इतकी खूश होती, की घरी जाऊन सासूबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या दोन दिवस फुरंगटून बसल्या.

सहलीच्या सकाळी प्रश्नताईही शाळेपाशी गेली. बापाने पिशवीतली औषधं पुन्हा पुन्हा तपासली, शिक्षिकेला नको इतक्या सूचना दिल्या. बस सुरू झाली तसा तो खिडकीखालून चालू लागला. ओठ हलले, मिटले. प्रश्नताईने श्वास रोखला.

"शेजारी कोण बसलंय?" त्याने विचारलं.

मुलीचा चेहरा उजळला. ती खिडकीतून वाकून सांगू लागली, हातवारे करून, बस वळेपर्यंत. इंजिनाच्या आवाजात बापाला एक अक्षर ऐकू आलं नाही. तरी तो मान डोलावत राहिला.