मिडनाइट एलिफंटची मूळ पट्टी

"रॉक कधीही म्हातारं होत नाही!" शंभूरावांनी जाहीर केलं. वाक्य मोठं होतं, म्हणून ते उभं राहून म्हणावं या हेतूने ते खुर्चीचे हात धरून उठलेही. पण अर्ध्यावर कंबरेत चमक भरली. त्यामुळे "म्हातारे होतात ते ऐकणारे" हा उत्तरार्ध त्यांनी ओणवं राहून, समोरच्या ड्रमला उद्देशून पूर्ण केला.

"अज्जा, बसा," ड्रममागून सुप्रीता म्हणाली. "ड्रमला पटलं."

'आयर्न नीडल' हा बँड म्हैसूरच्या शिवरामपेटेत १९८६ साली निघाला. चारही पोरं तिथल्या मराठी शिंप्यांची, म्हणून नावात सुई. आणि वाजवायचं होतं रॉक, म्हणून ती लोखंडी. स्कूटरच्या सीटसाठी आणलेल्या काळ्या रेक्झिनमधून त्यांनी स्वतःच जॅकेटं शिवली. मग ड्रमर सत्यनारायण नंजनगूडच्या कारखान्यात लागला आणि रात्रपाळीशी रॉकचं जमेना. दुसऱ्याच्या सासऱ्यांशी रॉकचं जमेना. तिसरा दुबईला गेला आणि तिथे वाढदिवसांना वाजवू लागला. त्यांच्या जागी दुसरे आले, दुसऱ्यांच्या जागी तिसरे. हल्ली ड्रमवर सत्यनारायणचीच नात, शंभूरावांनाही अज्जा म्हणजे आजोबाच म्हणणारी सुप्रीता होती, आणि गिटारवर नाशिकहून नोकरीसाठी आलेला, दिवसा संगणकाशी आणि संध्याकाळी शंभूरावांशी वाद घालणारा मिलिंद. मूळ बँडपैकी दोनच गोष्टी शिल्लक होत्या: शंभूराव आणि त्यांचं जॅकेट. त्यातलं जॅकेट अनेकदा उसवून, बगलेत पट्ट्या घालून वाढवलेलं होतं.

बँडला तालमीची जागा मात्र पहिल्यापासून एकच, विठ्ठल मंदिराचा वरचा हॉल. भाडं नाही. अट इतकीच, की दर एकादशीला बँडने खाली भजनात साथ करायची. सुरुवातीला पोरांनी ही शिक्षा समजून भोगली. पण दोन बिऱ्हाडं इतकी वर्षं एका छपराखाली राहिली की वाटी-भांडं इकडचं तिकडे होतंच. आधी भजनात ड्रम शिरले. मग महिला मंडळाच्या प्रमुख अंबूताई ड्रमच्या झांजेचा दणका मिळाल्याशिवाय तोंडच उघडेनात. आणि उलट्या बाजूने बँडच्या गाण्यांत एकादशीची चाल शिरली. 'मिडनाइट एलिफंट' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. पूर्वी त्यातला हत्ती उधळलेला असायचा. आता तो पोटभर जेवून, डुलत डुलत यायचा.

गाण्याच्या शेवटी त्या हत्तीचा चीत्कार होता. तरुणपणी शंभूरावांनी तो असा काही लावला होता, की खालच्या गल्लीतल्या गाई दावी ओढायच्या. पुढे दर काही वर्षांनी गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने गुपचूप खाली येत गेली. आता चीत्काराच्या जागी हत्ती घसा खाकरल्यासारखं वाटे. शंभूराव मात्र अभिमानाने सांगत, "एवढ्या वर्षांत माझा आवाज तसूभर बदललेला नाही." ते खरंच होतं. त्यांच्यासाठी बाकी सगळं बदललेलं होतं.

बँडच्या चाळिशीचा कार्यक्रम ठरला आणि मिलिंदने विषय काढला.

"शंभूकाका, या वेळी मूळ पट्टीत वाजवू. लोक मूळ बँड ऐकायला येणार."

"मग मी आहे की मूळ!"

"तुम्ही आहात हो. सूर कुठाय? असं करू, तुम्ही गाणं गा, शेवटचा चीत्कार सुप्रीता लावेल."

शंभूरावांनी माइक स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "बाकीचं गाणं कोणीही गावं. हत्ती माझा आहे."

"आणि नाही लागला तर?"

"नाही लागला तर माइक सुप्रीताचा. कायमचा. मी पहिल्या रांगेत बसेन, तुम्ही हार घालाल, मी खोकेन."

ठरलं. त्या दिवसापासून शंभूरावांनी दही सोडलं, फोनवर बोलणं सोडलं आणि दुकानात गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलू लागले. दोन शर्टांच्या बाह्या त्यामुळे आखूड झाल्या. बायको वनजाबाई त्यांना रोज ज्येष्ठमध देत आणि रोज तेच सांगत.

"अहो, सुम्ने, गपचूप त्या पोरीला देऊन टाका ना. तिचा घसा ताजा आहे."

"वनजा," शंभूराव कुजबुजत, "हत्ती दत्तक देत नाहीत."

बोलून झाल्यावर ते खिडकीशी जात आणि मूळ पट्टीतला स्वर शोधत. तो सापडत नसे. वनजाबाईंनाही ते कळत होतं, म्हणून त्या वेळी त्या मिक्सर लावत.

कार्यक्रम मंदिराच्या खालच्या हॉलमध्ये होता. मागे मिलिंदच्या ऑफिसातली मंडळी काळे टीशर्ट घालून उभी होती. पुढे मात्र सगळी ओळखीची पेठ, सतरंजीवर मांडी घालून. कारण जाहिरात एकादशीच्या सूचनांच्या फळ्यावर लावलेली होती, आणि त्या फळ्यावर जे लागेल त्याला जायचं असतं, एवढंच लोकांना माहीत होतं. अंबूताई मधोमध बसल्या होत्या.

मिलिंदने मूळ पट्टीत सुरुवात केली. दोन कडवी शंभूराव बरे निभावले. जरा वरच्या जागा त्यांनी प्रेक्षकांकडे माइक फिरवून काढल्या. मग ती जागा आली. सुप्रीताने ड्रमवर गडगडाट उठवला. शंभूरावांनी माइक स्टँडला अडकवला, डोळे मिटले, मान मागे टाकली, डावा हात कानावर ठेवला आणि उजवा आकाशाकडे उंचावला. छातीत हवा भरली, जॅकेटची एक पट्टी उसवली, तोंड उघडलं. स्वर नव्हता.

पण हात वर होता, डोळे मिटलेले होते, मागे गडगडाट चालू होता. या अवस्थेत शंभूराव दर एकादशीला उभे राहत. घशाला एवढंच समजलं, आणि जे यायचं ते आपसूक आलं:

"पुंडलिक वरदेऽऽ"

"हाऽऽरी विठ्ठऽऽल!" सगळा हॉल उसळला. अंबूताईंचा आवाज त्या गदारोळातून सुरीसारखा वर गेला आणि तिथेच थांबून राहिला. मिलिंदने सवयीने फोनवरच्या, सूर मोजणाऱ्या ट्यूनरकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मूळ पट्टी," तो पुटपुटला. "अगदी काट्यावर."

मागचे काळे टीशर्टवाले वेडे झाले. "काय एंडिंग आहे राव!" एकजण मोबाइल वर धरून ओरडत होता.

शंभूरावांनी डोळे उघडले. "लागला?" त्यांनी हळूच विचारलं.

"लागला," मिलिंद म्हणाला. "पण तुम्हाला नाही काका, हॉलला."

"कुणाला लागायचा हे कुठं ठरलं होतं?" ड्रममागून सुप्रीता म्हणाली. "सूर लागायचा, एवढंच ठरलं होतं. आयतु, झालं. माइक अज्जांचाच."

मिलिंदने होकारार्थी मान डोलावली. शंभूरावांना भरून आलं. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला, जॅकेटची उसवलेली बगल मिटून घेतली आणि उरलेली चार गाणी गायला प्रेक्षकांकडे वळले.

प्रेक्षक उभे होते, पण पाठ करून. हा गजर झाला की भजन संपतं आणि प्रसाद मिळतो, यात कुणाच्या मनात शंका नव्हती. लोकांनी हात जोडले, गुडघे झटकले आणि भिंतीकडेने रांग लावली. प्रसाद ठेवलेलाच नव्हता. पण कोपऱ्यात वनजाबाईंनी बँडच्या पोरांसाठी पातेलंभर केसरीभात, म्हणजे केशरी शिरा, आणून झाकून ठेवला होता. समोर रांग पाहताच त्यांचा हात आपोआप वाढायच्या डावाकडे गेला. काळे टीशर्टवालेही एकमेकांना ढकलत रांगेत शिरले.

"एक मिनिट! अजून चार गाणी आहेत!" मिलिंद ओरडला. रांग एक पाऊल पुढे सरकली.

तेवढ्यात रांग सोडून अंबूताई थेट स्टेजपाशी आल्या. शंभूरावांनी माइक बाजूला केला, जॅकेट सावरलं, चेहऱ्यावर मोठ्या कलावंताची नम्रता आणली आणि जमेल तेवढं वाकले.

"बोला, अंबूताई."

"शंभू," अंबूताईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांच्या हातात दिला, "ह्यांना येववलं नाही आज. ह्यात स्वल्प केसरीभात घालायला सांग की वनजाला. आणि काजू बघून घाल म्हणावं, मागल्या खेपेला नुसता रवाच आला."