इथली एक डिग्री

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मामांनी उबवणी मशीनचं दार उघडलं आणि आतून चिवचिव ऐकू आली. पिल्लं यायची ती एकविसाव्या दिवशी. सव्वीस वर्षांत एवढी घाई कोणी केली नव्हती.

त्यांनी वरचा ट्रे ओढला. सहा-सात पिल्लं ओलीचिंब पडली होती, बेंब्या उघड्या, पाय दोन बाजूंना फाकलेले. बाकीची अंडी गप्प. मामांनी एक फोडलं, दुसरं फोडलं, मग हात थांबेना. आत पूर्ण घडलेला जीव, पण मेलेला. खालच्या ट्रेंमध्येही तेच. एकूण सहा हजार अंडी.

हॅचरीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. शाळा पाचवीत सुटलेली, पण अंडं पापणीला टेकवून ऊब सांगायचे आणि थर्मामीटर मागाहून त्याला हो म्हणायचा. जुन्या मशीनचा काटा साडेनव्व्याण्णववर ठेवायचा, गारठा पडला की एक डिग्री वर. ते मशीन मोडीत गेलं. नव्यावर आकडा आला साडेसदतीस.

“तेच आहे, मामा. तुमचं फॅरेनहाइट होतं, हे सेल्सिअस. ऊब तीच,” असं म्हणून, चहा पिऊन, मशीन बसवायला आलेला फिटर निघून गेला होता.

नव्या मशीनमध्ये पहिली अंडी लावायच्या आदल्या दिवशीच कडाक्याची थंडी पडली. एक डिग्री वाढवायला हवी. पण इथे एक म्हणजे किती? संध्याकाळी मामांनी सुनेला विचारलं, “एक फॅरेनहाइट म्हणजे किती सेल्सिअस होतं, बघ गं जरा.”

तिने मोबाइलवर पाहिलं. “उणे सतरा पॉइंट दोन, बाबा.”

“उणे? अगं, मला अंडी उबवायचीत, बर्फ नाही पाडायचा!”

“मोबाइल तर तेच म्हणतोय!”

दोघंही पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मामांनी आकडा एकाने वाढवला. साडेअडतीस.

आता दुपारी फिटर आला, मागोमाग मालकीणबाई. फिटरने आकडा पाहिला.

“हे कोणी वाढवलं?”

“मी. एकच डिग्री.”

फिटरने ट्रेवरच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. “बर्फ तुमच्याकडे बत्तीसवर, इथे शून्यावर. म्हणून अख्खा आकडा बदलताना आधी बत्तीस वजा करायचे. पण नुसती वाढ मोजायची, तर बत्तीसचा संबंधच नाही. फक्त डिग्री केवढी ते बघायचं. इथली एक डिग्री तुमच्या जवळजवळ दोन डिग्र्यांएवढी. मामा, एकोणीस दिवस हे मशीन तुमच्या एकशे एकच्याही वर चाललंय.”

मामा पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे अर्धीच वाढवायची होती.”

“साधारण अर्धीच.”

“आलं ध्यानात.” खरोखरच आलं होतं. त्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. “बाई, आता नीट कळलंय मला. पुढच्या वेळी...”

“पुढची वेळ नाही, मामा.” त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना मामांच्या डोळ्यांना डोळा देता येत नव्हता, एवढंच. “मला माणूस बदलावा लागेल.”

मामांनी मान हलवली. ट्रे मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला रिकामे करू दिले नाहीत. मागच्या खड्ड्यापर्यंत एकेक ट्रे स्वतः नेला, चुना टाकला, माती लोटली. शेवटी ट्रे धुऊन उन्हात उभे केले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले.

घरी सून दारातच होती. “बाबा, आज लवकर? काय झालं?”

“मशीन बिघडलं.”

“अगंबाई! होईल ना पण दुरुस्त?”

“होईल की,” मामा म्हणाले आणि नळाखाली हात धरून नखांत अडकलेले टरफलांचे कण काढत बसले.