कर्वेनगरहून दिलेली हाक

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत काहीही बिघडलं की बोट गच्चीवरच्या अँटेनाकडे जायचं. लिफ्ट अडकली तरी अँटेना, नळाला पाणी कमी आलं तरी अँटेनाच. अँटेना ज्यांचा, त्या मंदाकिनी पटवर्धन यांनी त्यावर वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाई कॉलेजात असल्यापासून हौशी रेडिओच्या स्पर्धांत उतरत होत्या. ठरलेल्या वेळात जगभरातल्या जास्तीत जास्त केंद्रांना गाठायचं, आपली खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरं, आणि क्रमांक सांगायचा, समोरच्याचा बिनचूक टिपायचा आणि पुढे सरकायचं. खेळ एवढासाच, पण एकदा वेड लागलं की सुटत नाही. रेडिओचा परवाना नव्यानं मिळालेल्यांना त्या दर रविवारी घरी बोलावून हा खेळ शिकवत.

यंदा त्यांनी पहिल्यांदाच जोडीनं नाव दिलं होतं. जोडीला ऋतुजा वानखडे, मूळची यवतमाळची, हिंजवडीत आयटीत नोकरीला. परवान्याची परीक्षा तिनं सहज पार केली होती, पण माइक समोर आला की तिची वाचा बसायची. ऑफिसात तिच्या वऱ्हाडी ‘करून राहिले’ला लोक हसत, तेव्हापासून तोंड उघडायचीच तिला धास्ती वाटे. एकदा चाचरत तिनं हे मंदाकिनीबाईंना सांगून टाकलं.

“जपानमधल्या माणसाला यवतमाळ आणि सदाशिव पेठ सारखंच ऐकू येतं,” त्या म्हणाल्या. “आपण आकडे स्पष्ट बोलायचे, बस.”

स्पर्धेच्या दिवशी सकाळी जपान खणखणीत ऐकू येत होता. सुरुवात बाईंनी करून दिली आणि मग खुर्ची ऋतुजाला दिली. स्वतः दुसरा हेडफोन लावून शेजारी बसल्या. पहिल्या काही हाका देताना पोरीचा आवाज कापला. पुढे मात्र तिला लय सापडली, आणि एकामागून एक केंद्रं गळाला लागू लागली.

तेवढ्यात आवाजांच्या गर्दीच्या तळातून एक बारीक आवाज आला. इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावरच्या शाळेतली मुलगी होती. अर्धी खूण सांगून ती अडखळली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडली. वरून दणदणीत केंद्रं हाका मारत होती. अशा वेळी सोडून द्यायचं आणि पुढे जायचं, हा बाईंचा वर्षानुवर्षांचा नियम. त्यांचा हात आपसूक माइककडे गेला.

ऋतुजानं तो पाहिलाच नाही. बाकीच्यांना तिनं ठामपणे थांबायला सांगितलं आणि त्या मुलीला सावकाश इंग्रजीत म्हणाली, “घाई नको. एकेक अक्षर सांग. मी इथंच आहे.”

बाईंनी हात मागे घेतला. वेळ जात होता, कंटाळून काही केंद्रं निघूनही गेली. अखेर खूण पूर्ण झाली, क्रमांकही टिपून झाला. रेडिओवरचं आपलं हे पहिलंच बोलणं, असं ती मुलगी म्हणाली, आणि तिच्यामागे अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या भरात ऋतुजाच्या तोंडून मराठीच निसटली, “मस्त बोलून राहिली तू, पोरी!”

मंदाकिनीबाई इतक्या हसल्या की त्यांना हेडफोन काढावा लागला.

ऋतुजा ओशाळली. आपण बरेच गुण घालवले, असं पुटपुटली.

“गेलेत ते पुन्हा हाक मारतील,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “तिनं मात्र मारली नसती.”

दुपारी युरोप ऐकू यायला लागला. दोघी आळीपाळीनं बसल्या, मधे थालीपीठं खाल्ली, पुन्हा बसल्या. निकाल लागला तेव्हा जोडीचं नाव बाईंच्या गेल्या वर्षीच्या जागेपेक्षा बरंच खाली होतं. त्यांनी ते पाहिलं, ऋतुजाला अभिनंदनाचा फोन केला आणि रविवारी जरा लवकर यायला सांगितलं.

त्या रविवारी दोन नवे परवानाधारक आले होते, लोणी काळभोरचा पोपट आणि कॉलेजातली निकिता. बाईंनी त्यांना ऋतुजाच्या स्वाधीन केलं आणि स्वतः स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या. शिकवताना ऋतुजाची एक चूक त्यांच्या कानावर आली. त्या अर्धवट उठल्या. मग तिची तिलाच सापडेल म्हणून पुन्हा बसल्या, आणि पुढची शेंग हातात घेतली.