मोंबाशाला न्यायची भांडी

नवऱ्याचे, मारुतीचे, पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि तेवढ्या अवधीत रतनबाईने एकच ट्रंक चार वेळा भरून चार वेळा रिकामी केली होती. पत्र नैरोबीहून आले होते. लोणावळ्याच्या इंजिनशेडमधला हा फिटर तीन वर्षांच्या कराराने आफ्रिकेतल्या रेल्वेवर गेला, त्याला दहावा महिना चालू होता. राहायला खोली मिळाली आहे, महिनाअखेरच्या शुक्रवारी मुंबईहून बोट सुटते, तिने यावे. मोंबाशाला उतरवून घ्यायला मी येतो, असे त्याने लिहिले होते. दोन पेट्या आणि एक वळकटी, याहून जास्त सामान नको. स्वयंपाकाची भांडी मात्र आणावी, इथे ती फार महाग पडतात. आणि अगदी खाली, जागा उरली नव्हती म्हणून समासात आडवे लिहिलेले एक वाक्य होते : वहिनीला दुखवून निघू नये.

वहिनी म्हणजे रतनची थोरली जाऊ अंबूबाई. मारुती चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा नुकतीच नांदायला आलेल्या या पोरसवदा भावजयीने त्याला कडेवर घेतले आणि मिसरूड फुटेपर्यंत खाली ठेवले नाही, असे त्यांच्या गावी, लोहगडवाडीत, अजून म्हणत. तो समुद्रापार निघाला त्या दिवशी ती स्टेशनावर आली नव्हती. रतनने नवऱ्यामागे वाडीला येऊन राहावे, असा निरोप तिने दोनदा पाठवला. आफ्रिकेहून बोलावणे आज येईल, उद्या येईल, या आशेने रतनने लोणावळ्याची खोली सोडली नाही. तेव्हापासून वाडीहून तांदूळ येत, पण निरोप येत नसे. आणि अंबूबाईचा नवरा अंबाजी हा बायकोच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा गृहस्थ नव्हता. तिने नाक मुरडले, तर रतनला मुंबईच्या धक्क्यापर्यंत सोबत कोण करणार? जी कधी घाट उतरून खाली गेली नाही, तिला एकटीने बोट गाठणे शक्य नव्हते.

म्हणून ट्रंक भरणे हे नुसते भरणे राहिले नव्हते. लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते. वाडीतल्या बायकांना अक्षरओळख नसली, तरी आपण दिलेले भांडे कुठे आहे, हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. अमकीचे नेले आणि तमकीचे टाकले, ही गोष्ट मळवली स्टेशनापासून लोहगडाच्या पायथ्यापर्यंत एका बाजारदिवसात पोचली असती. रतनने विचार करून न्यायाचा मार्ग काढला : प्रत्येकीचे एकेक भांडे न्यायचे, म्हणजे कुणालाच बोलायला जागा राहणार नाही. निवडलेली भांडी तिने राखेने लखलखीत घासली आणि गाठोडे बांधून निजाम कल्हईवाल्याच्या दुकानात नेऊन ओतली.

निजामने भात्यावरचा पाय काढला, ढिगाकडे पाहिले आणि एकेक भांडे उचलून बाजूला मांडायला सुरुवात केली.

"वहिनी, एक पुसू का?"

"पुसा की, निजामभाई."

"मारुतीभाऊंनी तितं पानपोई काढलीया काय?"

"का वो?"

"अकरा तांबे, पाच वाट्या, चार फुलपात्री. पान्याच्या तांब्याला कल्हई कशापायी? आन् भाकरी कशावर भाजनार, तांब्याच्या बुडावर?"

रतन ढिगाकडे पाहतच राहिली. तांब्या स्वस्त, म्हणून आहेरात बहुतेकींनी तांब्याच दिलेला. सगळ्यांची मने राखता राखता तिच्या संसारात ना पातेले आले होते, ना परात, ना पळी. दुकानासमोर उभ्या असलेल्या दोन बायका फिदीफिदी हसल्या. तिलाही हसू आले. पण ते टिकले नाही, कारण आता कामाचीच भांडी न्यायची, तर बाकीच्यांची नावे मागे टाकणे आलेच.

"दोन पातेली आना," निजाम म्हणाला. "अशी दाट कल्हई लावून देतो, वरीसभर हलायची न्हाई. तितं माझ्यासारखा कुनी असंल नसंल, आपल्याला काय ठावं."

मंगळवारी संध्याकाळी तिने पातेली, परात आणि खोल तळाचा टोप नेऊन दिला आणि तांबे परत आणले. खोलीच्या कोपऱ्यात मात्र एक भांडे जागचे हलले नव्हते. तो अंबूबाईने दिलेला तांब्याचा हंडा होता. तीन घागरी पाणी सहज मावेल एवढा. दोन वर्षे तूप विकून तिने तो घेतला होता आणि धाकट्या दिराच्या वरातीपुढे स्वतः डोक्यावर घेऊन मिरवला होता. रतनने वीत लावून त्याची रुंदी मोजली, मग ट्रंकेची मोजली. पुन्हा मोजली. हंडाच दोन विती जास्त भरला. दुसरी पेटी कपड्यांनीच भरली होती; हंडा वेगळा न्यावा, तर ती तिसरी पेटीच झाली. तो मागे ठेवायचा, आणि हे जावेला तोंडाने सांगायचे. रोज सकाळी ती वाडीला जायचे ठरवी आणि रोज दुपारी अर्धी भाकरी तशीच टोपलीत झाकून ठेवी.

बुधवारी सकाळी दार वाजले. दारात अंबूबाई उभी होती, मागे अंबाजी, त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. रतनने वाकून नमस्कार केला. अंबूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला की नाही, हे तिला कळलेच नाही. जावेची नजर थेट कोपऱ्यात गेली होती.

"हंडा हितंच हाय?"

रतनने चार दिवस घोकलेली वाक्ये होती : बोटीचा नियम, वजन, यांचे पत्र. त्यांतले एकही तिला आठवले नाही.

"आक्का, हंडा न्हेत न्हाई मी. तुमी काय म्हनायचं ते म्हना. त्यो पेटीत बसत न्हाई, पेटीच त्याच्यात बसंल."

अंबूबाई मटकन खाली बसली. तिने पदराने तोंड पुसले, मग मान पुसली. रतन तिच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली. रडते आहे की संतापली आहे?

"तांब्याभर पानी दे," अंबूबाई म्हणाली. "मळवलीपासनं तोंडाला कोरड पडलीया."

पाणी पिऊन झाल्यावर ती बोलू लागली.

"सोमवारी आपल्या वाडीची कस्तुरा बाजार करून आली. म्हनली, रतनची समदी भांडी निजामच्या दुकानात ढिगानं पडलीत. चमचाबी मागं ठेवला न्हाई. आता कुटलं येत्यात हे माघारी? दोन रात्री डोळा लागला न्हाई माझा. ह्यांचा चुलतभाऊ न्हाई का मुंबईला गेला, हंडा-कळशी गाडीत घालून? पंधरा वर्सं झाली. बापाच्या दिवसालाबी आला न्हाई. चूल उचलून न्हेनारं मानूस परतत न्हाई, रतन. मी आले ती ह्येच बघाया."

"म्हंजी तुमाला राग न्हाई?"

"हंडा न्हेला असतास, तर आला असता!"

अंबाजी इतका वेळ दाराशी उभा होता. आता बोलायला मोकळीक मिळाली, असे त्याला वाटले असावे. तो पुढे झाला आणि वळकटीचे वजन पाहावे म्हणून त्याने ती उचलली. अर्ध्यावर खाली टेकवली.

"ह्यात दगड भरलाय काय, पोरी?"

"वरवंटा हाय, दादा," रतन ओशाळून म्हणाली.

"आन् पाटा?"

"पाटा लय जड. त्यो तितं मिळंल, म्हनलं."

अंबूबाई जी हसू लागली, ती थांबेनाच. "अगं बया! समुद्रापल्याड पाटं हायत आन् वरवंटं न्हाईत व्हय?" मग तिने पदर खोचला आणि पेटीचा ताबा घेतला. रतनला जे काढायचे धैर्य झाले नव्हते, ते तिने भराभर काढून टाकले : लाकडी पाट, पितळेची समई, फुटक्या काठाचे काशाचे ताट. "ह्यो तांब्या कुनाचा? बयाबाईचा? ठेव मागं. तिला सांगीन, तुझा तांब्या माझ्या देवाफुडं पुजलाय. त्या नावाखाली दुसरं नाव खोडल्यालं हाय, ते काय मला दिसत न्हाई? तिला आल्यालाच आहेर तिनं तुला दिला!" एकेक नाव तिने असे निकालात काढले, आणि प्रत्येकीची समजूत काढायचे काम आपल्या शिरावर घेतले. ट्रंक अर्धी झाली. तिच्यात तिने अर्धी पायली तांदूळ आणि वाळवलेल्या मिरच्या भरल्या.

"हंडा माझ्या चुलीशेजारी ऱ्हाईल," ती म्हणाली. "कुनी पुसलं, तर रतनचा हाय म्हनीन." मग ट्रंकेच्या कडीशी चाळा करत तिने विचारले, "कवा येनार?"

रतनला गोड बोलता आले असते.

"करार तीन वर्सांचा हाय. त्यातलं एक सरत आलंय. त्याच्या फुडचं मला ठावं न्हाई, आक्का."

अंबूबाईने मान हलवली. "खोटं बोलली न्हाईस, ते बरं क्येलंस." आणि नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "ऐकलंत का? हिला बोटीत बसवून, बोट दिसंनाशी झाल्याबिगर माघारी फिरायचं न्हाई."

"भात झोडून झालंय," अंबाजी म्हणाला. "उद्या गुरवारी दुपारच्या गाडीनं निघू. रात धर्मशाळंत काढू, म्हंजी घाई नको."

तो हे इतक्या सहज म्हणाला, की नऊ दिवस आपण नेमके कशाला भीत होतो, हे रतनला क्षणभर आठवेना. तिने उठून चूल पेटवायला घेतली आणि तेव्हा तिच्या ध्यानात आले, की घरात रांधायचे एकही भांडे नव्हते. सगळी निजामच्या दुकानात, कल्हई होऊन संध्याकाळी मिळायची. तिघांनी फडके सोडले. ज्वारीच्या भाकऱ्या तळहातावर घेतल्या, मधोमध ठेचा ठेवला आणि अकरा तांब्यांतून ज्याच्या हाताला जो लागला, त्याने तो पाण्याला घेतला. बाहेर थंडीचे कोवळे ऊन उंबऱ्यापर्यंत आले होते. रतनने एक भाकरी संपवली, दुसरी संपवली आणि न विचारता तिसरी उचलली.

"बेतानं खा गं," अंबूबाई म्हणाली, आणि आपल्या हातातली अर्धी मोडून तिच्या हातावर ठेवली. "बोट काय आत्ताच सुटत न्हाई."