सहावी पायरी

सकाळपासून तिसऱ्यांदा मी मोजपट्टी घेऊन पाइपाशी गेले. जमिनीत पुरलेल्या त्या पाइपात पाणी चाळीस सेंटिमीटर खोलीच्या आत लागायला हवं, सेहेचाळीसवर लागलं. कालव्याचं पाणी अडवून माती ओली ठेवणाऱ्या बांधाच्या फळ्या गावाने माझ्या ताब्यात दिलेल्या, आणि बांध तळाशी गळत होता. जिवाला चैन म्हणून नव्हती.

आमची इंडोनेशियातल्या रियाऊकडची माती म्हणजे कुजक्या लाकूडपाल्याचा थर. कोरडी पडली की पेटते, नाही पेटली तर सडून वायू होते आणि हवेत जाते, असं मोजणीवाली बाई सांगून गेली. "माती काय पाखरू आहे, वहिनी, उडायला?" म्हणत माझा धाकटा दीर जुमाईन खो खो हसला होता. पण आमच्या घराचे खांब खालच्या चिकणमातीत रोवलेले. घर जागेवर राहिलं, जमीन खचत गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा शिडीला दोन पायऱ्या होत्या. आता पाच आहेत, आणि सगळ्यांत खालच्या पाचवीवरूनही पाय लोंबतो. परवा सासूबाई तिथूनच पडल्या.

दुपारी जुमाईन अननसांनी भरलेली होडी घेऊन आला. अननसांवर एक नवी फळी होती.

"आईसाठी पायरी. पण आधी बांधाच्या वरच्या दोन फळ्या काढ, होडी जाऊ दे. व्यापारी थांबायचा नाही."

"पाणी उतरलंय. नाही काढणार."

"कालवा काय माहेराहून आणलास?"

मी बांधावरच फतकल मारली. "आधी मला हलव."

दारातून सासूबाईंनी विचारलं, "काय आणलंस रे?"

"सहावी पायरी, आई."

"बरं. सातवीचंही लाकूड बघून ठेव."

त्या टोमणा मारत नव्हत्या, म्हणूनच ते बोलणं लागलं. जुमाईनने अननसांवरची फळी उचलली. मग कमरेएवढ्या काळ्या पाण्यात उतरला, चाचपून गळती शोधली आणि पायरीची फळी तिथे ठोकून बसवली.

"बघत काय बसलीस? अननस उचल. पलीकडे शेजाऱ्याची होडी आहे, तीत भरू."

आम्ही टोपल्या वाहून संपवल्या तेव्हा सासूबाई ओरडल्या, "अरे, माझी पायरी कुठंय?"

जुमाईन शिडीखाली पाठमोरा वाकला. "ये, पाठीवर बस."

"आज बसेन. उद्या?"

त्याने त्यांना अलगद अंगणात उतरवलं. माझ्या हातातली मोजपट्टी ओढून घेतली आणि पाइपाकडे चालू लागला.