सिरिलोचा सुटलेला झेल

माणसाचा इतिहास हा त्याने मिळवलेल्या गोष्टींचा नसून त्याच्या हातून निसटलेल्या गोष्टींचा इतिहास आहे. हे वाक्य मी सांता कासिल्दा साखर कारखान्याच्या एका समारंभात, अध्यक्षपदावरून, हात उंचावून उच्चारलं आणि त्याच हातातला माईक सुटून पाद्रीबाबांच्या कॉफीत पडला. टाळ्या पडल्या त्या माईकला. मागून कुणीतरी ओरडलं, "लोणी!" आणि अख्खा मंडप हसला.

मला हसता आलं नाही. हाताला लोणी लागलेला म्हणून ज्याला आमचं गाव 'लोणी' म्हणायचं, तो सिरिलो मान्योन माझ्या समोरच बसला होता. तोही सगळ्यांबरोबर हसत होता, फक्त सगळ्यांच्या जरा मागून. गाणं न येणारा माणूस चर्चमध्ये गातो तसा.

हे नाव त्याला एकाहत्तर साली पडलं. गाळपाचा शेवटचा आठवडा होता. आमच्याकडे तेव्हा कारखान्या-कारखान्यांत बेसबॉलचे सामने व्हायचे आणि ज्या कारखान्याकडे करंडक, त्याची साखर वर्षभर जास्त गोड लागायची. अंतिम सामन्यात आम्ही एका धावेने पुढे होतो. शेवटचा डाव. पलीकडच्यांचे दोन गडी बाद, दोन बेसांवर उभे. एक बळी घेतला की करंडक आमचा. आमचा कप्तान फिदेन्सियो रोसारियो हाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याने चेंडू टाकला, समोरच्याने तो आभाळात उडवला आणि चेंडू रमतगमत, कुठे उतरावं याचा विचार करत, मैदानाच्या मागच्या अंगाला उभ्या असलेल्या सिरिलोच्या ग्लोव्हकडे निघाला. इतका सोपा झेल माझी मावशी कडेवरचं पोर न उतरवता घेईल.

चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला आणि कारखान्याचा भोंगा झाला.

आता आमचा भोंगा म्हणजे काय हे सांता कासिल्दात जन्मलेल्यालाच कळेल. पाळी संपल्याचा भोंगा झाला की हातात जे असेल ते जागच्या जागी टाकायचं. कोयता असो, फावडं असो, उसाची मोळी असो. भोंग्यानंतर जो काम करत राहील तो मुकादमाचा चमचा, आणि चमच्याशी कुणी बोलत नसे. आमचा न्हावी कारखान्यात नव्हता, तरी भोंगा झाला की अर्धी दाढी सोडून घरी जायचा. सिरिलो दाढी फुटायच्या आधीपासून बॉयलरमध्ये कोळसा ओढत होता.

त्याच्या हाताने, त्याला न विचारता, चेंडू सोडून दिला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर लोक विसरलेही असते. पण अंगाला वळण पडलेलं. त्याने ग्लोव्ह काढला, काखेत मारला आणि घराच्या दिशेने चालू लागला. मागे दोन्ही गडी धावत होम, म्हणजे शेवटचा बेस गाठत होते आणि दोन धावा होत होत्या. कुंपणापाशी पोचल्यावर त्याला गलका ऐकू आला. तो त्याला विजयाचा वाटला. त्याने वळून लोकांना हात केला.

तो हात गावाने कधी माफ केला नाही.

भोंगा वाजवणारा म्हातारा उल्पियानो हा सिरिलोचा सासरा. त्यामुळे निकाल सोपा झाला. सासऱ्याला घाई झाली, जावयाला झोप आली आणि एका घराने मिळून करंडक घालवला. सिरिलोच्या बायकोने, नेरेइदाने, पुढच्याच आठवड्यात दुकानात लोणी मागितलं तर दुकानदार म्हणाला, "का, घरचं संपलं?" त्या घरात परत लोणी आलं नाही. सिरिलो उकडलेली केळी मीठ लावून खायचा आणि म्हणायचा, अशीच छान लागतात.

फिदेन्सियो हा सिरिलोच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. म्हणजे दोघे एकमेकांचे कोंपाद्रे, आणि नेरेइदा फिदेन्सियोची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. त्या दिवसापासून फिदेन्सियो त्याच्याशी बोलला नाही. रस्त्यात समोरून आला तर टोपी पुढे ओढायचा.

गेल्या ऑगस्टात एका सकाळी सिरिलो कॉफी पिता पिता गेला. कप मात्र त्याने नीट टेबलावर ठेवला होता. हे नेरेइदा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती आणि दाखवतही होती. कप अजून तिथेच होता.

आमच्या गावात कारखान्याच्या संघातला खेळाडू गेला की त्याची पेटी थेट दफनभूमीत नेत नाहीत. आधी मैदानात नेतात. खांद्यावरून पहिला बेस, दुसरा, तिसरा, मग होम. तिथे पंच दोन्ही हात पसरून ओरडतो, "पोचला!" मग माणूस जायला मोकळा. संघातले गेलेले सगळे असेच गेले. राखीव खेळाडूसुद्धा, ज्याने आयुष्यभर फक्त पाण्याची बादली सांभाळली. पण मैदानाची किल्ली कप्तानाकडे असते, आणि फिदेन्सियो अजून कप्तान होता. कारखाना बंद पडला, संघ राहिला नाही, पण कप्तानपद काढून घ्यायला कुणीतरी वरचं असावं लागतं.

त्याच दुपारी नेरेइदा मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर मी त्याला शिव्या देईन."

फिदेन्सियो आंब्याखाली डुलत्या खुर्चीत तुरीच्या शेंगा सोलत होता. उठला नाही. नेरेइदा समोरच्या बाकावर बसली.

"उद्या सकाळी मैदानाचं फाटक उघडशील?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझं लग्न आहे."

त्याने एक शेंग सोलली. "खेळाडूला फिरवतात, नेरेइदा."

"मग तो काय करत होता तिथे? गवत खात होता?"

"खेळला. नाही म्हणत नाही. चांगला खेळला. अन् एका चेंडूत सगळ्यांचं घालवलं."

"चेंडू पडला, फिदेन्सियो. त्याने माणूस नाही मारला."

"मला मारलं." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तो उत्तरेकडचा माणूस माझ्यासाठी आला होता. तिकडच्या मोठ्या संघाचा करार खिशात घेऊन. जिंकलो असतो तर मी त्याच रात्री विमानात असतो. इथे शेंगा सोलत नसतो."

तो उत्तरेकडचा माणूस माझ्या शेजारीच बसला होता. सहाव्या डावात आमची रम त्याला भेटली आणि नंतर तो घोरत होता. भोंग्यानेही जागा झाला नाही. पण एखाद्या माणसाकडे दुःख एकच असेल तर ते काढून घेऊन त्याला द्यायचं काय, म्हणून हे मी बोललो नाही. त्याऐवजी म्हणालो, "अरे, पण भोंगा झाला ना मध्येच."

"कुणी केला? हिच्या बापाने! म्हाताऱ्याला कसली घाई झाली होती देव जाणे. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने टाकायचं. चांगलं घर आहे."

नेरेइदाने मांडीवर उडालेली दोन टरफलं उचलून त्याच्या टोपलीत टाकली.

"माझ्या बापाला लांबचं दिसत नव्हतं, फिदेन्सियो. तुला ठाऊक होतं."

त्याने पुढची शेंग उचलली.

"बॉयलरच्या छपरावरून त्याला चेंडू काय दिसणार? माणसंसुद्धा ठिपक्यांसारखी दिसायची. एकच गोष्ट दिसायची, कप्तानाची लाल टोपी. जिंकलो की तू टोपी वर करायची अन् त्याने भोंग्याची साखळी ओढायची. तुमचं दोघांचं ठरलं होतं."

शेंग त्याच्या बोटांत अर्धी उघडून राहिली.

त्या दिवशी आम्ही सगळे आभाळात चेंडूकडे बघत होतो. पिचरकडे कोण बघतो?

"झेल सोपा होता," फिदेन्सियो म्हणाला. "सिरिलोचा झेल. मला वाटलं, झालाच." मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"बापाने. त्याच संध्याकाळी, सिरिलोसमोर. बाप रडत होता, म्हणत होता चौकात जाऊन सांगतो. सिरिलोने त्याला बसवलं. म्हणाला, 'गप्प राहा, बाबा. त्याचं आधीच उत्तरेला जाणं राहिलं. त्यात आणखी हे नको. अन् हात तर माझेच होते ना?'"

"म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

"रस्त्यात तू टोपी पुढे ओढायचास तेव्हा घरी येऊन सांगायचा, कोंपाद्रेची टोपी फार विटली, नवी घ्यायला हवी."

आंब्यावरून कोंबडी उतरली, टोपलीत डोकावली आणि तिला कुणी हाकललं नाही.

"मग आज का सांगतेस? इतकी वर्षं नाही सांगितलंस."

"मी सांगायला नाही आले. फाटक उघडशील का विचारायला आले होते. बापाचा विषय तू काढलास." ती उठली. "सकाळी आम्ही येऊ. बंद असलं तर तसेच पुढे जाऊ. ऊन चढायच्या आत न्यायचंय त्याला."

वाटेत ती रडली नाही. फक्त म्हणाली, "शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या."

सकाळी निघालो तेव्हा फाटकाचं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मी उजवीकडून खांदा दिला होता. वळणावरून दिसलं, फाटक उघडं होतं. सताड. आत गवत कापलेलं, आणि बेसांमधल्या रेघा चुन्याने नव्याने ओढलेल्या. पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधली रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी वाकडी गेली होती.

फिदेन्सियो काळ्या कोटात उभा होता. त्याने पुढच्या डाव्या कोपऱ्यावरच्या सिरिलोच्या जावयाला बाजूला केलं आणि स्वतः खांदा दिला. नेरेइदा मागून चालत होती.

पहिला बेस झाला. दुसरा झाला. तिथून तिसऱ्याकडे वळायचं. फिदेन्सियो वळला नाही. तो सरळ चालत राहिला, मैदानाच्या मागच्या अंगाला, आणि पेटी ज्याच्या खांद्यावर होती त्या प्रत्येकाला त्याच्यामागे जाणं भाग होतं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अहो, तिकडे कुठे? म्हातारा चुकला." तो चुकला नव्हता. सिरिलो जिथे उभा राहायचा तिथे जाऊन तो थांबला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. गवत होतं, एक शेळी होती. शेळीने आमच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं सरकून जागा दिली. फिदेन्सियोने पेटीच्या फळीला गाल लावला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी पलीकडच्या बाजूला होतो, मला ऐकू आलं नाही. आणि आलं असतं तरी ते माझ्याशी नव्हतं.

मग आम्ही परत फिरलो. तिसरा बेस. होम. पंचाने हात पसरले. त्याला संधिवात आहे, हात पूर्ण पसरत नाहीत, पण आवाज अजून खणखणीत आहे.

"पोचला!"

गाव उन्हात उभं होतं. कुणाच्या तोंडून ते दुसरं नाव निघालं नाही. बायकांचं रडणं हळूहळू सुरू झालं, आणि पुरुषांनी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता निघायचं.

तेवढ्यात फिदेन्सियो पेटीखालून बाहेर पडला. सरळ लोकांसमोर जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून.

"ऐका," तो म्हणाला. "सगळे ऐका. त्या दिवशी हा झेल सुटला तो याच्यामुळे नाही. आधी मी..."

"फिदेन्सियो," मागून नेरेइदा म्हणाली.

"कोमाद्रे, मला बोलू दे. इतकी वर्षं झाली. आज तरी बोलू दे."

"बोलशील रे. पण आधी तेवढा कोपरा धर, कोंपाद्रे. पेटी कलतेय."